घरांतील लवणसमुद्र

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे. पूर्वीं वाचक तुळशीस कीड कां लागते, लोणच्यावर बुरशी कां येते, पितळेचीं भांडीं चिंचेनें कां उजळतात असले प्रश्न विचारीत असत. आतां ते विचारूं लागले आहेत कीं, दिवाणखान्यांत समुद्राच्या पाण्याची टाकी ठेविली आहे, तींतील मासे धडधाकट दिसतात, परंतु पोंवळीं मात्र मिटून बसतात आणि गोगलगाई व झिंगे एकामागून एक मरतात, यास उपाय काय? पत्रासोबत बहुधा केलेल्या उपायांची यादी असते. कोणी कॅल्शियमची बाटली ओतलेली असते, कोणी दिवे बदललेले असतात, कोणी दुकानदाराच्या सांगण्यावरून आणखी एक यंत्र बसविलेलें असतें. पाण्यांत मीठ किती आहे हा आंकडा मात्र बहुतेक पत्रांत नसतो. ज्वर किती आहे हें न पाहतां काढा उकळावयास घेणारा वैद्य आणि ही मंडळी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. म्हणून या महिन्यांत इतर प्रश्न बाजूस ठेवून केवळ मिठाविषयींच लिहावयाचें आम्हीं ठरविलें आहे.

आमच्या पुराणकारांनीं सात समुद्र कल्पिले: लवणाचा, उसाच्या रसाचा, सुरेचा, घृताचा, दध्याचा, दुग्धाचा आणि शुद्ध जलाचा. जंबुद्वीपास वेढणारा लवणसमुद्र तेवढाच आपल्या वांट्यास आला. त्याचें एक किलोग्रॅम पाणी घेऊन तपासलें, तर त्यांत सामान्यतः ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले आढळतात. त्यांपैकीं क्लोराइड १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकीं सुमारें ०.४ ग्रॅम असतें. बाकीचे पदार्थ अत्यल्प. यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, ठिकाणपरत्वें पाणी अधिक खारट वा कमी खारट असलें, तरी या प्रमुख क्षारांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण जवळजवळ बदलत नाहीं. तांबड्या समुद्रांत ३५ ऐवजीं ४० भरतील, आपल्या अरबी समुद्रांत सुमारें ३६, आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचें पाणी पोटांत घेणाऱ्या बंगालच्या उपसागराच्या उत्तरभागीं त्याहून बरेंच कमी. परंतु सोडियमच्या मानानें मॅग्नेशियम किती, हा हिशेब सगळीकडे एकच. मार्सेट या रसायनशास्त्रज्ञानें सन १८१९ मध्यें ही गोष्ट सुचविली, आणि १८७२ पासून १८७६ पर्यंत जगाच्या समुद्रांतून फिरलेल्या 'चॅलेंजर' जहाजानें आणलेले ७७ नमुने तपासून डिटमार यानें ती १८८४ सालीं पक्की केली. गृहस्थास याचा उपयोग असा कीं, एकच आंकडा नीट मोजला, म्हणजे बाकीच्या प्रमुख क्षारांचा अंदाज त्यांतून आपोआप मिळतो. त्या आंकड्यास लवणता म्हणावें. कित्येक जण त्यास 'क्षारता' म्हणतात. परंतु तोच शब्द दुसऱ्या एका मापासही लावतात, त्यामुळें दुकानांत गोंधळ होतो.

याच कारणास्तव स्वयंपाकघरांतील मीठ पाण्यांत कालवून समुद्र होत नाहीं. विलायतेंत १८५० नंतरच्या दशकांत समुद्रजीव घरीं पाळण्याची मोठी टूम निघाली होती. त्या काळीं फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें कृत्रिम समुद्रजलाची एक कृति प्रसिद्ध केली. तींत साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि पोटॅशियमचा एक क्षार होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना तिनें पुष्कळ सोय झाली. तथापि चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या पोंवळ्यांचें तेवढ्यावर भागत नाहीं. आज बाजारांत मिळणारीं तयार मिश्रणें हा त्याच प्रयत्नाचा पुढचा टप्पा होय.

आतां एवढ्याशा फरकानें प्राण्यांस इतका त्रास कां व्हावा? कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविलें कीं पाणी सुटतें, आणि मनुका पाण्यांत टाकल्या कीं टम्म फुगतात, हें प्रत्येक घरच्या मुलीस ठाऊक आहे. पातळ पडद्याच्या दोन बाजूंस मिठाचें वा साखरेचें प्रमाण वेगवेगळें असलें, म्हणजे पाणी कमी प्रमाणाकडून अधिक प्रमाणाकडे झिरपतें. यास परासरण म्हणतात. माशाच्या शरीरांतील द्रव समुद्राच्या सुमारें एक तृतीयांशच खारट असतो, म्हणून त्याच्या अंगांतील पाणी सतत बाहेर ओढलें जातें. तो ही तूट समुद्राचें पाणी पिऊन भरून काढतो आणि जास्तीचें मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणजे मासा हा जमाखर्च ठेवणारा संसारी जीव आहे. बाहेर थोडी महागाई वा स्वस्ताई झाली तरी तो निभावून नेतो. पोंवळें, समुद्रफूल, तारामासा, समुद्रसाळू यांच्याजवळ असली कांहीं व्यवस्था नाहीं. बाहेर जितकें मीठ, तितकेंच आंत; बाहेरचें बदललें कीं त्यांच्या पेशींतलें पाणी ताबडतोब हलूं लागतें. तारामाशासारखा प्राणी तर अशा बदलानें दोन-तीन दिवसांत गळून पडतो. 'मासे तर ठीक आहेत' हें वाक्य जें आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रांत असतें, त्याचा पुरावा म्हणून कांहींएक उपयोग नाहीं तो यामुळें. माशावरून पोंवळ्याची प्रकृति ओळखूं पाहणें म्हणजे घरांतल्या पैलवानाची भूक पाहून तान्ह्या मुलाचें दूध ठरविण्यासारखें आहे.

कॅल्शियमच्या बाटलीचा उलगडाही येथेंच होतो. ३५ लवणतेच्या पाण्यांत दर किलोग्रॅमीं सुमारें ४१२ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेंच पाणी ३१ पर्यंत अळणी झालें, तर कॅल्शियम ३६५ वर येतें, मॅग्नेशियमही त्याच मानानें उतरतें. मग गृहस्थ कॅल्शियम मोजतो, तें कमी आढळतें, तो बाटली आणतो. पंधरा दिवसांनीं मॅग्नेशियम कमी आढळतें, तो दुसरी बाटली आणतो. पैसे गेले, प्रमाण बिघडलें, आणि मूळ दोष होता तेथेंच राहिला.

टाकींतील पाण्याची लवणता बिघडण्याचें मुख्य कारण बाष्पीभवन. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें; मिठागरांत हेंच होतें आणि आपल्या टाकींतही हेंच होतें. आमची सारी हयात फळ्यापुढें गेली, तेव्हां वाचकांनीं थोडें गणित सहन करावें. टाकी २०० लिटरची धरूं. दर लिटरास ३५ ग्रॅम याप्रमाणें तींत ७००० ग्रॅम, म्हणजे सात किलोग्रॅम मीठ आहे. (लिटर आणि किलोग्रॅम यांतील बारीक भेद येथें सोडून देऊं.) रोज चार लिटर पाणी उडालें आणि पांच दिवस कोणीं लक्ष दिलें नाहीं, तर १८० लिटर पाणी उरलें, मीठ तेवढेंच. ७००० भागिले १८० म्हणजे जवळजवळ ३९. तांबड्या समुद्राची बरोबरी झाली! आतां ही वीस लिटरांची तूट कशानें भरावी? पुष्कळ लोक, समुद्राची टाकी म्हणून, मिठाचेंच पाणी घालतात. मग मिठांत ७०० ग्रॅमची भर पडते आणि पातळी पूर्ववत् होऊनही लवणता ३८.५ राहते, दर आठवड्यास असेंच चाललें, तर महिन्याभरांत टाकीचें मिठागर होतें. उडालें तें निव्वळ पाणी, म्हणून घालावयाचें तेंही निव्वळ पाणी.

याच्या उलट दोष कमी ठाऊक असतो, कारण तो सावकाश होतो. फेंस काढणारें यंत्र, ज्यास प्रोटीन स्किमर म्हणतात, तें मळाबरोबर खारें पाणीही बाहेर टाकतें. तें रोज अर्धा लिटर पाणी काढीत असेल आणि आपण ती तूट गोड्या पाण्यानें भरीत असलों, तर महिन्याला १५ लिटरांबरोबर पांचशें ग्रॅमच्या आसपास मीठ निघून जातें. महिन्याअखेर लवणता ३२.५ च्या जवळ आलेली असते. टाकीच्या कांठावर, नळ्यांवर आणि दिव्याच्या कडेला जी पांढरी खरपुडी जमते, तेंही टाकींतलेंच मीठ होय. तें ओल्या फडक्यानें पुसून टाकावें, एकदम टाकींत ढकलूं नये. त्याची गांठ पोंवळ्यावर पडली तर तेथें जखम होते.

आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत, जेथें तीन चुली एका छताखालीं सुखानें नांदतात, असा प्रकार घडला कीं लवणता सारखी खालींवर होई आणि कारण सांपडेना. एके दिवशीं धाकट्या मुलानें वडिलांस सहज सांगितलें, "अप्पा, शाळेंतून आल्यावर टाकी कमी दिसली म्हणून मीं दोन तांबे पाणी घातलें." तेव्हां शेजारीं बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगबाई, दुपारीं मींही घातलें होतें!" पुढें चौकशी केली, तों आजोबाही पहांटे पूजेपूर्वीं टाकीस पाणी घालीत असल्याचें निघालें. काकांनीं तर पातळी फार वर आलेली पाहून दोनदां बादलीभर खारें पाणी काढून टाकलें होतें. प्रत्येकाच्या मनांत प्रेमच होतें, आणि त्या प्रेमानें टाकीचा प्राण कंठाशीं आणला होता. त्यांनीं मग टाकीच्या मागील कांचेवर तांबड्या रंगाची एक बारीक रेघ ओढली, पाणी घालण्याचें काम एकट्या थोरल्या सुनेकडे दिलें, आणि शेजारीं एक वही टांगली. घातलेलें पाणी, मोजलेली लवणता आणि तारीख, एवढेंच तींत लिहावयाचें. एकत्र कुटुंबांत टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकानें हें अनुकरणीय मानावें असें आम्ही म्हणूं. यंत्राच्या आधीं वही पाहिजे.

पाणी किती उडतें हें गांवावर आणि ऋतूवर अवलंबून आहे, आणि विलायती पुस्तकांतले आंकडे येथें आंधळेपणानें लावणें चुकीचें आहे. फाल्गुन-चैत्रांत पुण्याची वा नगरची हवा अशी कोरडी असते कीं वाळत घातलेलें धोतर तासाभरांत कडक होतें. तेथें टाकीचें पाणीही झपाट्यानें उतरतें. रत्नागिरीस वा मुंबईस आषाढांत तेंच धोतर दोन दिवस ओलें राहतें. तेथें टाकी जेमतेम हलते. शिवाय उन्हाळ्यांत पाणी २६-२७ अंशांवर ठेवण्यासाठीं पुष्कळ लोक टाकीवर लहान पंखा लावतात. उपाय चांगला आणि स्वस्त आहे, कारण उडणारें पाणी उष्णता घेऊन जातें; परंतु पंखा लागला कीं बाष्पीभवन दुप्पटही होऊं शकतें, हें ध्यानांत ठेवून रेघेवर अधिक लक्ष द्यावें.

आतां मोजण्याविषयीं. जिभेनें चाखून लवणता ओळखतों असें एका सद्गृहस्थांनीं लिहिलें आहे. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखतां करणाऱ्या आमच्या घरोघरच्या स्त्रियांचा हात मिठाच्या बाबतींत क्वचितच चुकतो, हें खरें. परंतु ३१ आणि ३५ यांतला भेद जिभेस कळत नाहीं, दोन्हीं सारखींच खारट लागतात. टाकीच्या मिठाचा प्रश्न अंदाजपंचे सोडवितां येत नाहीं, साधन पाहिजे.

सर्वांत स्वस्त साधन हायड्रोमीटर. पाणी जितकें खारट तितकें जड, आणि जड पाण्यांत वस्तु अधिक तरंगते, या आर्किमीडीजच्या तत्त्वावर तो चालतो. २५ अंश उष्णतेस ३५ लवणतेच्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२६४ असतें. प्लॅस्टिकच्या डबींत डुलणारा कांटा असलेला प्रकार दुकानांत बहुधा हाच मिळतो. कांट्यास हवेचा एक बुडबुडा चिकटला तर आंकडा वाजवीपेक्षां अधिक दाखवितो, आणि कांट्यावर मिठाची पुटें वाळलीं तर कमी. म्हणून वापरल्यानंतर तो दरवेळीं गोड्या पाण्यानें धुवावा आणि मोजण्यापूर्वीं हळूच टिचकी मारून बुडबुडे घालवावे. कांचेचा तरंगता हायड्रोमीटर त्याहून विश्वासू, मात्र तो कोणत्या उष्णतेसाठीं आंखलेला आहे हें त्याच्यावर वाचावें. कित्येक जुनीं उपकरणें साठ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडील पौषांतल्या पहांटेच्या थंडीसाठीं, आंखलेलीं असतात. तीं २५ अंशांच्या पाण्यांत तेंच पाणी सुमारें १.०२४ दाखवितात, आणि अजाण मनुष्य उगाच मीठ वाढवितो.

रिफ्रॅक्टोमीटर हें उपकरण लहान दुर्बिणीसारखें असतें. त्याच्या तिरप्या कांचेवर पाण्याचे दोन थेंब ठेवून, झांकण लावून, उजेडाकडे धरून पाहिलें कीं निळ्या-पांढऱ्या भागांची सीमा एका आंकड्यावर दिसते. खारट पाण्यांत प्रकाशकिरण अधिक वळतो हें त्यामागील तत्त्व. आम्ही याचा पक्ष घेतों, परंतु एका सूचनेसह. सोबतच्या कागदावर शुद्ध पाण्यानें शून्य जुळवावयास सांगितलेलें असतें, आणि लोक तेवढ्यावर निश्चिंत होतात. तें पुरें नाहीं. बाजारांतील कित्येक रिफ्रॅक्टोमीटर समुद्रजलासाठीं नव्हे, साध्या मिठाच्या द्रावणासाठीं आंखलेले असतात, आणि ते खऱ्या ३५ लवणतेच्या समुद्रजलास सुमारें ३६.५ म्हणून दाखवितात. तेव्हां जेथें आपणांस मोजावयाचें आहे तेथेंच तपासणी करावी. यासाठीं ३५ चें प्रमाणद्रव विकत मिळतें. तें नसल्यास ७३ ग्रॅम कोरडें बारीक मीठ आणि १९२७ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, मिळून बरोबर दोन किलोग्रॅम, असें तोलून विरघळवावें. हें द्रावण प्रकाशाच्या बाबतींत ३५ लवणतेच्या समुद्रजलासारखें वागतें. पाणी पेल्यानें मापूं नये, कांट्यावर तोलावें. त्याचा थेंब ठेवून अर्धा मिनिट थांबावें, म्हणजे थेंब आणि कांच एकाच उष्णतेवर येतात. मग स्क्रू फिरवून सीमा ३५ वर आणावी. बाटली घट्ट बुचानें बंद ठेविली नाहीं तर तिच्यांतलेंही पाणी उडतें आणि प्रमाणच प्रमाण राहत नाहीं! विजेच्या वाहकतेवरून लवणता सांगणारीं उपकरणेंही निघालीं आहेत. २५ अंशांस ५३ मिलिसीमेन्स म्हणजे ३५ लवणता. तीं सोयीचीं खरीं, परंतु त्यांचीही तपासणी चुकत नाहीं.

भर घालण्याचें पाणी कोणतें, हा प्रश्न लहान वाटतो पण वर्षाअखेर भारी पडतो. नळाच्या वा बोअरच्या पाण्यांत स्वतःचे क्षार असतात. लिटरास अर्धा ग्रॅम धरला आणि रोज चार लिटर घातलें, तर वर्षाकांठीं ७३० ग्रॅम नको असलेले क्षार टाकींत जाऊन बसतात. तेही समुद्राच्या प्रमाणांतले नव्हेत. आरओ यंत्राचें पाणी घ्यावें हें ठीक, परंतु घरोघरीं पिण्यासाठीं बसविलेल्या यंत्रांत चवीसाठीं कांहीं मूळ पाणी वा खनिजें पुन्हां मिसळण्याची योजना असते. त्या नळाचें पाणी टीडीएस मीटरनें तपासलें तर शून्य येत नाहीं. ती मिसळ बंद करून घ्यावी, किंवा पुढें आयनें शोषून घेणारी नळी जोडावी. आणि एक गोष्ट आमच्यासारख्या घरांसाठीं मुद्दाम सांगतों. तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेविलेलें पाणी माणसास हितकर मानतात. परंतु तांब्याचा अंश पोंवळीं, झिंगे आणि गोगलगाई यांस विषच आहे. टाकीचें पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यांत क्षणभरही ठेवूं नये. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें पाणी शुद्ध समजून वापरणारेही आहेत. त्या यंत्राच्या आंत तांब्याच्या नळ्या असतात हें ते विसरतात.

नवें खारें पाणी करतांना बादलींत आधीं पाणी घ्यावें आणि त्यांत मीठ थोडथोडें सोडावें. मिठाच्या ढिगावर पाणी ओतल्यास क्षणभर द्रावण इतकें तीव्र होतें कीं चुना पांढरा होऊन तळाशीं बसतो आणि पुन्हां विरघळत नाहीं. लहान पंपानें तें ढवळत ठेवावें, टाकीच्या उष्णतेस आणावें, पूर्ण स्वच्छ झाल्यावर मोजावें आणि मगच वापरावें. मिश्रणांत ओलावा असल्यामुळें लिटरास ३५ ग्रॅम घालून ३५ भरत नाहीं, थोडें अधिक लागतें. आणि श्रावणांत उघड्या राहिलेल्या पिशवीस तर त्याहूनही अधिक. म्हणून तोलावर न विसंबतां मोजावें. कोरडें मीठ टाकींत कधींही टाकूं नये.

समजा, लवणता बिघडलीच आहे. घाई करूं नये. एका दिवसांत एक अंशाहून अधिक फरक होऊं देऊं नये. ३१ झालेली २०० लिटरांची टाकी ३५ वर आणावयास ८०० ग्रॅम मीठ हवें. रोज उडणारें चार लिटर पाणी गोड्याऐवजीं ३५ लवणतेच्या खाऱ्या पाण्यानें भरलें, तर दिवसास १४० ग्रॅम मीठ वाढतें आणि सहा दिवसांत काम होतें. वर ज्यास आम्हीं दोष म्हटलें तेंच येथें औषध झालें. उलट भरलेली टाकी ३८.५ वर गेली असेल, तर रोज पांच लिटर काढून तितकेंच गोडें पाणी हळूहळू सोडावें. चार दिवसांत ती ३५ च्या खालीं-वर येते. पंप ज्या बाजूस पाणी फेंकतो तेथें सोडावें, म्हणजे अळणी पाण्याचा लोट थेट पोंवळ्यावर जात नाहीं.

कोंकणांतील कांहीं वाचक विचारतात कीं, समुद्र दाराशीं असतां मीठ विकत कां घ्यावें? हिंवाळ्यांत, नदीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर, स्वच्छ ठिकाणचें पाणी मिळत असेल तर गोष्ट निराळी. मृगापासून पुढें मात्र खाड्यांतून गोड्या पाण्याचे लोंढे येऊन किनाऱ्याचें पाणी अळणी आणि गढूळ होतें. किनाऱ्यावरून पाणी आणतां येईल. पोंवळीं मात्र आणतां येणार नाहींत. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रांतही तीं आहेत: मालवणास, जेथें सन १९८७ मध्यें सागरी अभयारण्य झालें, आणि विजयदुर्गापासून शंभरांवर किलोमीटर आंत, आंग्र्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बुडालेल्या उंचवट्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं सर्व दगडी पोंवळीं, काळें पोंवळें आणि समुद्रपंखे घालण्यांत आले. घोडमासाही त्याच वर्षीं. तेव्हां दुकानदार हळूच कानांत सांगून जर असा तुकडा देऊं लागला तर तो घेणें म्हणजे चोरीचा माल घेणें होय. सांगाडा नसलेलीं छत्रीसारखीं व बटणांसारखीं मऊ जीवजात या यादींत नाहीं, आणि नवख्यास तीच पुरेशी आहे. परदेशांतून आलेल्या जिवांसाठीं निराळे नियम आहेत, त्यांची पावती व कागद मागून घ्यावे. लक्षद्वीपचीं पोंवळीं १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या सालीं समुद्र तापून पांढरीं पडलीं. बाहेर त्यांची ही दशा असतां घरांत आणलेला जीव केवळ मोजण्याच्या आळसानें मरूं देणें आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

शेवटीं, सुट्टींत घर बंद करून जाणाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर. पातळी उतरली कीं आपोआप गोडें पाणी सोडणारी योजना मिळते, आणि ती घ्यावी. परंतु तिची तरंगती कळ गोगलगाय बसून किंवा शेवाळ धरून अडकते, आणि मग सांठ्यांतलें सगळें पाणी टाकींत जातें. सांठा वीस लिटरांचा असेल तर लवणता ३१.८ वर येऊन थांबेल. पन्नासांचा असेल तर २८ वर. म्हणून सांठा जरुरीपुरताच ठेवावा आणि कळ आठवड्यास पुसावी. पाणी सोडणाऱ्या नळीचें तोंड टाकींतील पाण्याच्या वर असावें, नाहींतर नळी उलटें पाणी ओढूं लागते. ही योजना चार-पांच दिवसांस पुरते. त्याहून अधिक दिवस जाणें असेल तर शेजाऱ्याच्या हातीं किल्ली द्यावी, तांबडी रेघ दाखवावी, मापलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर वारांचीं नांवें लिहून ठेवावीं, आणि माशांस खाऊं घालूं नका असें बजावावें. टाकीच्या दिव्यांविषयीं आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.